मामंजींच्या दगडावर परकं नाव

अणदूरच्या स्टँडवर नंदीशनं फ्लेक्स लावला, त्या दिवशी मी बीपीची गोळी आणायला गेले होते. गोळी हातात आणि समोर तो फ्लेक्स. कुठल्या तरी सिनेमातला बंदूकवाला शिपाई, त्याच्या शेजारी एका कबरीच्या दगडाचा फोटो, आणि त्या दोघांहून मोठा नंदीशचा स्वतःचा, हात जोडलेला. खाली लिहिलेलं, ‘महायुद्धात प्राण देणारे आमचे आजोबा वीर शरणबसप्पा यांना मानाचा मुजरा. शुभेच्छुक समस्त परिवार.’ मेलेल्या माणसाला शुभेच्छा देणारं हे खानदान.

मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी येत नाही, पण इंग्रजी आकडे येतात, कारण बसचं तिकीट, गॅसची टाकी आणि सुनेचा मोबाईल सगळं त्याच आकड्यांत असतं. फोटोतल्या दगडावर नावाच्या वर एक नंबर होता. तो वाचला आणि मी तिथंच थांबले. तो नंबर मी लग्न होऊन आले तेव्हापासून चिंचेनं घासतेय. आमच्या घरात एक पितळी आहे, जाड काठाची, वरण ओतलं तरी न सांडणारी. माझ्या सासऱ्यांची. पलटणीत ज्याच्या त्याच्या भांड्यावर ज्याचा त्याचा नंबर ठोकलेला असायचा. मामंजी परत आले नाहीत, पितळी तेवढी घरी आली.

मामंजींना मी बघितलेलं नाही. माझे मालकच तेव्हा रांगत होते, त्यांनीही बघितलं नाही म्हणायचं. निजामाच्या राज्यातनं लढाईवर गेले, खेचरांच्या तांड्यावर होते म्हणतात, आणि गोळी लागून नव्हे तर छावणीतच तापानं गेले. आम्ही लिंगवंत. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. बरोबर इकडचीच पोरं होती, त्यांनी तेवढं सांभाळलं. गळ्यातलं लिंग हातावर ठेवून, बसतं करून माती दिली. कुठं दिली ते घरात कुणाला धड ठाऊक नव्हतं. हैदराबादच्या बाजूला, एवढंच.

घरी येऊन राजशेखरला हाक मारली. राजशेखर माझा मुलगा, त्याचं खताचं दुकान आहे. त्यानं मोबाईलवर तो दगड बोटांनी ताणून मोठा केला.

“आई, नंबर आपलाच आहे. गावबी आपलंच लिहिलंय. पण नाव शरणाप्पा आहे की. आजोबा तर रेवणसिद्ध.”

“कुण्या मुडद्यानं लिहिलं ते?”

“ऐंशी वर्षं झाली त्याला. तो आता खरंच मुडदा असंल.”

त्यानंच पुढचं शोधून सांगितलं. त्या छावणीतले जुने दगड झिजलेत, ते काढून ग्रॅनाइटचे नवे बसवायचे चालले आहेत. म्हणून सगळ्या दगडांचे फोटो मोबाईलवर टाकलेत. कुणाच्या नावात चूक असेल तर दिवाळीच्या आत कळवायचं. एकदा ग्रॅनाइटवर कोरलं की कोरलं.

मी तशीच नंदीशच्या घरी गेले. नंदीश वरच्या आळीचा. ग्रामपंचायतीला उभं राहायचं त्याच्या डोक्यात आहे, आणि उभं राहायला पायाखाली काहीतरी लागतं.

“काय रे नंदीश, आजा कधी सापडला तुला?”

“मोबाईलवर, काकू. गावाचं नाव बघितलं, आजोबांचं नाव बघितलं, डोळ्यांत पाणीच आलं.”

“तुझा आजा बांधाच्या भांडणात रुसून सोलापूरला गेला, आन् मिलमधी दुसरा संसार मांडून बसला. तुझी आजी मरेस्तोवर त्याच्या नावानं बोटं मोडत व्हती. म्या माझ्या कानानं ऐकलंय.”

“मिलमधनं पुढं लढाईवर गेले असतील की.”

“आन् जाताना आमच्या घरातली पितळी घेऊन गेला व्हय, नंबरासकट?”

“काकू, नंबराचं मला काय कळत न्हाय,” तो हसत म्हणाला. “दगडावर नाव शरणाप्पा हाय. माझा आजा शरणबसप्पा. तुमच्या घरात शरणाप्पा कोण हाय ते दाखवा, मी आत्ता फ्लेक्स उतरवतो. चहा टाकू का?”

त्याच्या घरचा चहा मी घेतला नाही.

धाराशिवला सैनिकांच्या कामाचं एक हापिस आहे, तिथं अर्ज द्यायचा होता. तिथला कारकून अंबादास, तुळजापूरचा, बोलायला गोड. गोड माणसाशी भांडता येत नाही, म्हणूनच तो गोड राहिला असावा.

“आजी, दगडावरचं नाव बदलायचं म्हणजे वरनं मंजुरी लागते.”

“वरनं म्हंजी? देवाकडनं?”

“छावणीकडनं. आम्ही फक्त पुढं पाठवतो.”

“मग पाठव पुढं. नाव चुकलंय म्हणून लिव्ह.”

“चुकलंय हे कशावरून?”

मी पिशवीतनं पितळी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. टेबल हललं. त्यानं नंबर फोटोशी ताडून बघितला, मान डोलावली. मला वाटलं, झालं काम. नारळ आणायला हवा होता.

“नंबर तोच आहे,” तो म्हणाला. “पण पितळी तुमचीच कशावरून?”

“म्हंजी?”

“राग मानू नका. अशी भांडी जुन्या बाजारात मिळतात. कुणी विकतही घेतलेलं असू शकतं.”

“आमच्या घरात जुन्या बाजारातलं भांडं कधी आलं न्हाय. आमच्या घरातनं जुन्या बाजारात गेली असतील.”

राजशेखरनं माझं कोपर दाबलं. त्याला वाटतं, कोपर दाबलं की आई गप्प बसते. नव्हे, मी कोपर सोडवून घेते.

मग सुरू झालं ते सुरूच राहिलं. वारसाचा दाखला आणा. आणला, तर त्यावर गावाचा शिक्का पुसट. शिक्का पुन्हा मारून आणला, तर अंबादास ट्रेनिंगला. अंबादास आला, तर यंत्र बंद. यंत्र चालू झालं, तर म्हणाला, आजी, दाखल्यावर रेवणसिद्ध आहे आणि दगडावर शरणाप्पा, तेव्हा हा दाखला दुसऱ्या माणसाचा होतो. मी म्हटलं, अरे बाबा, तेच तर सांगायला येतेय मी. तो म्हणाला, हो, पण ते कागदावर दिसत नाही ना. कागदाला डोळे आहेत आणि ह्याला नाहीत, असं काहीतरी त्या हापिसात आहे. दर खेपेला मी जेवण बांधून न्यायची, आणि दर खेपेला बाहेरच्या लिंबाखाली बसून ते खाताना एकच वाटायचं, की ज्या माणसाला मी आयुष्यात वाढलं नाही त्याच्या पायी उन्हातान्हात थंड भाकरी खातेय, आणि तिकडं नंदीश त्याच्या नावानं हारतुरे घेतोय. स्टँडवर शाळेतल्या पोरांना फ्लेक्सपुढं उभं करून त्यानं घोषणाही देवविल्या होत्या.

एका खेपेला अंबादासनं खरं काय ते सांगितलं.

“छावणीचं म्हणणं असं आहे, आजी. लढाईच्या धांदलीत नावं कशीबशी लिहिलेली होती. म्हणून दगड उभे करायच्या आधी त्यांनी गावोगाव माणूस पाठवला. घरच्यांना विचारून नाव पक्कं केलं आणि मगच कोरलं. म्हणजे शरणाप्पा हे नाव घरच्यांनीच सांगितलेलं आहे.”

“घरच्यांनी? आमच्या घरच्यांना आपल्या माणसाचं नाव ठाऊक नव्हतं व्हय? का सगळे एकदम खुळे झाले व्हते?”

“मी तसं कुठं म्हटलं?”

“तो माणूसच बहिरा असंल. न्हायतर पिलेला. उर्दूत लिवणारा, त्याला आमची नावं काय कळणार? लिव्ह तसं. बहिरा व्हता म्हणून लिव्ह.”

“असं कसं लिहू? तेव्हाचं बघितलेलं कोणी जिवंत आहे का? नाव वेगळं कसं पडलं हे त्या माणसानं इथं येऊन सांगितलं, तर काहीतरी होईल.”

जिवंत होत्या. माझ्या थोरल्या नणंदबाई, शरणम्मा वन्सं. सास्तूरला दिलेल्या. मला आधीच सुचायला हवं होतं, पण वन्संकडं काही मागायला जायचं म्हणजे आधी त्यांचं ऐकून घ्यावं लागतं, आणि मला ऐकून घ्यायची सवय नाही.

दुसऱ्याच दिवशी राजशेखरच्या गाडीवर मागं बसून गेले. वन्सं भूकंपानंतर मिळालेल्या घराच्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. कपाळाला विभूतीचे पट्टे, तोंडात एक दात, आणि तो सुद्धा माझ्यावर रोखलेला.

“आलीस? दगडासाठीच आली असशील. एरवी तुला ही वाट सापडत न्हाय.”

“वन्सं, नावाची चौकशी करायला पलटणीचा माणूस गावात आल्ता म्हणं. तुमाला काय आठवतं?”

“सगळं आठवतं. परकर घालायची मी. मोठ्या मिश्यांचा हवालदार व्हता, मुसलमानी बोली बोलायचा. ओट्यावर बसला. अव्वानं दाराआडनं ताक दिलं त्याला.” अव्वा म्हणजे त्यांची आई, माझ्या सासूबाई.

“बहिरा व्हता का?”

“न्हाय ग. चांगला ऐकत व्हता. म्हणला, बाई, तेरे मर्द का नाम क्या?”

“मग?”

“मग काय. अव्वा दाराआड. ती मेली असती पण नाव घेतलं नसतं. म्हणली, आमच्या शरणाचे अप्पा.”

मीही एक शेंग फोडायला घेतली होती, ती खाली ठेवली.

“त्यो म्हणला, शरणाप्पा?” वन्सं सांगत होत्या. “अव्वा म्हणली, हौद, हौद, म्हंजी व्हय, व्हय. तिला वाटलं, समजलं ह्याला. त्यानं लिवून घेतलं, ताक पिला, आन् गेला.”

इतके महिने मी निजामाच्या कारकुनांना, उर्दूला, छावणीला आणि अंबादासच्या सात पिढ्यांना शिव्या देत होते, आणि नाव चुकवलं होतं माझ्या सासूनं. तिलाही शिवी देता येईना. कारण तिच्या जागी मी असते तर मी तेच केलं असतं. आमच्या घरात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि सासऱ्याचं तर मुळीच नाही. नवऱ्याचं निदान लग्नाकार्यात उखाण्यात तरी घेता येतं. सासऱ्याला उखाणाही नसतो. माझ्या सूनबाईला याचं हसू येतं. ती माझ्यासमोर राजशेखरला ‘अहो राज’ म्हणते. म्हणू दे. मी पन्नास वर्षांच्या वर ह्या घरात आहे आणि तोवर मामंजींचं नाव माझ्या जिभेवर आलेलं नव्हतं. ज्याला खुळेपणा म्हणायचा त्यानं म्हणावा. मला त्याचा मान वाटतो.

“हे तुम्ही इतकी वर्षं का न्हाय सांगितलं, वन्सं?”

“कुणी इचारलं?”

“आता इचारतेय. उद्या धाराशिवला चला. हे एवढंच तिथं सांगा, काम झालं.”

“न्हाय येत.”

मला वाटलं, गाडीचा त्रास होतो म्हणून नको म्हणतात. म्हटलं, जीप करू.

“जीपचं न्हाय, नीलम्मा. त्यो दगड माझ्या नावाचा हाय.” शेंगा फोडायच्या थांबल्या नाहीत. “अव्वा म्हणायची, तुझ्या अप्पाला तिकडं तुझ्या नावानं ठिवलंय ग. मला अप्पाचं तोंड आठवत न्हाय. भूकंपात घर गेलं, माझा थोरला गेला, अव्वाचा एक फोटू व्हता त्यो बी मातीत गेला. त्यो दगड तेवढा उभा हाय. म्या बघितला बी न्हाय कधी. पण हाय. आन् तू म्हणतीस, माझं नाव खोडून टाका.”

“अवं, पण नंदीश तुमच्या बापाला आपला आजा करून बसलाय!”

“बसू दे. आत कोण बसलंय ते दगडाला ठावं हाय.”

मला असली शहाणी बोलणी सहन होत नाहीत. दगडाला ठाऊक असून काय उपयोग, दगड अंबादासच्या हापिसात येऊन बोलणार आहे का? मी बोलायला नको ते बोलले. म्हटलं, “बापाचं नाव बुडालं तरी चालंल, पण आपलं राहावं, असं झालं की हे.”

वन्संनी तेव्हा वर बघितलं.

“तू कोण ग मला इचारणारी? ज्याचं नाव तुझ्या तोंडातनं कधी आलं न्हाय, त्याच्या नावासाठी भांडतीस? येरमाळ्याच्या जत्रेत तू रेवडी मागत न्हाईस, दुकानदाराला बोटानं दावतीस, तिळाचं गोड दे म्हणतीस. का, तर रेवडीत माझ्या अप्पाचं अर्धं नाव येतं. आन् ही बाई दगडावर पुरं नाव कोरणार!”

राजशेखर हसला. मी त्याच्याकडं बघितल्यावर तो गाडी पुसायला गेला.

“आधी तू घे नाव,” वन्सं म्हणाल्या. “त्या कारकुनाच्या म्होरं, मोठ्यांदा. मग म्या सांगते अव्वा काय म्हणली ते. न्हायतर मला उठवायचं नाव काढू नको.”

मी चहा न पिता निघाले. ह्या दगडापायी मी किती घरचा चहा सोडला.

दसरा झाला. मी वन्संकडं गेले नाही आणि त्यांनी निरोप पाठवला नाही. मी मनाशी म्हणत होते, दुसरी काहीतरी वाट निघेल. वाट निघाली ती नंदीशची. अंबादासचा फोन आला.

“आजी, नंदीशरावांनीही अर्ज दिलाय. त्यांचं म्हणणं, शरणाप्पा हे अर्धवट आहे, पुरं शरणबसप्पा करा. त्यांच्या दाखल्यावर तसं नाव आहे, म्हणजे कागद जुळतात.”

“आन् नंबर?”

“नंबराला दाखला नाही, आजी. तुमच्याकडून कोणी सांगणारं आलं नाही, तर या आठवड्यात त्यांचं पुढं जाईल.”

फोन ठेवला. शरणाप्पा निदान माझ्या सासूच्या तोंडचं होतं. शरणबसप्पा कोरलं म्हणजे मामंजींच्या डोक्यावर सोलापूरच्या मिलमधला तो रुसका कायमचा बसला. मी राजशेखरला म्हटलं, सास्तूरला फोन लाव. वन्सं फोनवर आल्यावर एवढंच म्हटलं, “चला. घेते म्या.”

“काय घेतीस?”

“चला म्हटलं ना.”

त्या हसल्या असाव्यात. एका दाताचं हसू फोनवर कळत नाही.

हापिसात वन्सं इरकली नेसून, पदर घट्ट लावून खुर्चीत बसल्या. राजशेखर माझ्या शेजारी बसू लागला तर अंबादास म्हणाला, “तुम्ही जरा बाहेर थांबा. आज जबाब आहे. आजींनी स्वतः बोलायला पाहिजे.” आजवर दर खेपेला नाव राजशेखरच सांगायचा. तो गेला, दार लोटलं गेलं.

अंबादासनं माझं नाव विचारलं, सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं.

“सासऱ्यांचं नाव?”

वन्सं माझ्या तोंडाकडं बघत होत्या, जशी पोरं सर्कशीत बघतात. मी तोंड उघडलं. आतनं नाव वर आलंसुद्धा, पण ओठांशी आल्यावर त्याचं भलतंच झालं.

“आमच्या राजशेखरचे आजोबा,” मी म्हटलं.

अंबादास मान खाली घालून खटखट करत होता. त्यानं मान वर केली नाही. समोरच्या काचेवर अक्षरं उमटत गेली. मराठी होती, मला वाचता येत होती. सासऱ्याचे नाव, राजशेखर.

“राजशेखर. बरं. त्यांच्या वडिलांचं?”

वन्सं खुर्चीत गदागदा हलायला लागल्या. “लिव्ह, बाबा, लिव्ह! अव्वानं मला बसवलं, ही आपल्या लेकाला बसवतीय. बाहेर उभा हाय बघ त्यो, जित्ता. त्याचा बी दगड करून टाक!”

“खोड ते!” मी ओरडले. “खोड आधी!”

अंबादास घाबरला. मी उठून उभी राहिले. का उठले ते सांगता येणार नाही, पण बसून ते नाव घेणं मला जमलं नसतं. डोक्यावर पदर नीट घेतला, जसे मामंजी त्या फायलींच्या कपाटापाशी उभेच आहेत.

“रेवणसिद्ध,” मी म्हटलं.

“काय म्हणालात? पंख्याचा आवाज…”

“रेवणसिद्ध! रेवणसिद्ध मल्लप्पा!”

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. छाती फुटेल, निदान डोळ्यांसमोर अंधारी येईल, बीपी तर आहेच. काही झालं नाही. पंखा तसाच फिरत होता. एवढा जन्म जे तोंडात धरून ठेवलं ते बाहेर पडलं, आणि अंबादास म्हणाला, “सिद्धमधला ध जोडून ना?”

मी खाली बसले. वन्सं आता हसत नव्हत्या. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, मग खुर्ची टेबलाशी ओढून घेतली आणि सगळं सांगितलं. हवालदाराच्या मिश्या, ताक, दार, आणि अव्वा काय म्हणाली ते. अंबादासची बोटं मध्येच थांबली.

“हे असंच लिहू, आजी? ‘आमच्या शरणाचे अप्पा’?”

“असंच लिव्ह. शब्द बदलू नको. एकदा बदलला त्याचंच निस्तरतोय.”

त्यांनी अंगठा उठवला, शाईचं बोट इरकलीला न पुसता तसंच हवेत धरून बसल्या. मला राहवेना.

“अंबादास, नाव बदलून झालं की खाली एक ओळ घाल. ‘शरणम्माचे अप्पा’ अशी. बारीक अक्षरात घाल, आमचं काय म्हणणं न्हाय.”

“तशी जागा नसते, आजी. नंबर, नाव, गाव आणि साल. सगळ्या दगडांना सारखं.”

“नंबराला जागा हाय आन् लेकीला न्हाय?”

“नियम आहे.”

“कुणी केला? त्याला लेक न्हाय का? त्याचा नंबर दे मला, म्या बोलते.”

“राहू दे,” वन्सं म्हणाल्या. “झालं न्हवं तुझ्या मनासारखं? चल.”

येताना जीपमध्ये त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. मी म्हटलं, पाणी पिता का? मानेनं नाही म्हणाल्या. म्हटलं, नंदीशचं थोबाड आता बघण्यासारखं होईल. त्या अंगठ्यावरची शाई बोटानं घासत राहिल्या. सास्तूर आलं, उतरल्या, आणि ‘येते’ न म्हणता ओटा चढून आत गेल्या. मला त्यांचा राग आला. अट त्यांनीच घातली होती, मी पाळली. उभी राहून पाळली. मग मी काय चोरी केली? पण घरापर्यंत तो राग टिकला नाही, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला काय म्हणायचं ते मला कळलं नाही. त्यानं मी आणखीच चिडले. सुनेनं त्या रात्री भाजीत मीठ बरोबर घातलं होतं तरी मी बोलले.

छावणीनं ऐकलं. नंदीशचा अर्ज मागं पडला. फ्लेक्स त्यानं उतरवला नाही, पण वाऱ्यानं अर्धा फाटला तो पुन्हा बांधलाही नाही. दिवाळीच्या तोंडावर नव्या दगडाचा नमुना राजशेखरच्या मोबाईलवर आला, कोरायच्या आधी बघून घ्या म्हणून. मी दुकानातच होते. राजशेखरनं वाचला आणि पुन्हा बोटांनी ताणून मोठा केला.

“काय झालं? बोल.”

“नंबर बरोबर हाय. गाव बरोबर हाय.”

“नाव?”

“रेवन सिंग.”

मी त्याच्या हातातनं मोबाईल घेतला. “लाव अंबादासला.”

“आई, मी बोलतो की.”

“लाव म्हटलं ना.”

लागला. आवाज तुटत होता.

“हां आजी, बोला. नमुना आला ना?”

“आला. सिंग कोण हाय त्यातला?”

“कोण?”

“सिंग! सिंग न्हवं. सिद्ध!”

“सिंह का? पुढं ह येतो?”

“सिद्ध! द ला ध! रेवणसिद्ध!”

दुकानात युरियासाठी आलेले पाचसात जण वळून बघायला लागले. त्यात आमच्या गल्लीतल्या दोघी होत्या, त्यांचे डोळे कपाळात गेले. राजशेखरनं मोबाईल घ्यायला हात पुढं केला, मी त्याच्या हातावर मारलं. आत आवाज येत नव्हता म्हणून पायरीवर आले. पायरीवरही येईना म्हणून रस्त्यावर उतरले. समोरनं ट्रॅक्टर येत होता, त्याला हातानं थांबवलं.

“न नव्हं, ण! बाणातला ण! रे-व-ण! ऐकू येतंय का? रेवणसिद्ध!”

“आता आलं, आजी. रेवणसिद्ध. बरोबर?”

“पुन्हा म्हण.”

“आजी, लिहून घेतलं मी.”

“लिवलेलं मला सांगू नको. लिवलेलं लई बघितलं. तोंडानं म्हण.”

तो म्हणाला, पण अर्ध्यातच आवाज तुटला. ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवत होता. मी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकू न्हाय आलं,” मी म्हटलं. “परत म्हण.”